न बसवलेली कोनशिला

मित्रांनो, मी एक जुनी कोनशिला आहे. नवं काम सुरू होताना नावं कोरलेला जो दगड बसवतात, तीच मी. फरक इतकाच, की मला अजून कोणी बसवलेलं नाही. दगडाने एका जागी असावं, ऊन खावं, पोरांनी पाठीवर खडूने रेघोट्या माराव्यात, एवढंच माझं मागणं होतं. पण मी गेली कित्येक वर्षं एका जीपमध्ये हिंडते आहे. खरं सांगते, जीव मेटाकुटीला आला आहे.

कराडजवळच्या खाणीतला मी काळा पाषाण. गुंडा पाथरवटाने मला घडवलं. त्याचा हात चांगला होता, तोंड मात्र छिन्नीपेक्षा जास्त चालायचं. 'करंजमाळ उपसा सिंचन योजना' ही अक्षरं त्याने इतकी ठसठशीत कोरली, की शेजारची माणसं काम सोडून बघायला आली. मी फुगून गेले. कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून आटपाडीकडच्या कोरड्या माळावर चढवायचं, अशी ती योजना. त्याखाली आमदार नानासोंचं नाव आणि सगळ्यांत खाली 'यांच्या शुभहस्ते'. त्याच्या आधीची ओळ तेवढी कोरी होती, कारण मंत्री कोण येणार हे ठरायचं होतं.

"खातं कुणाकडं जातंय ते कळू द्या," गुंडा म्हणाला. "नाव कोरायचं म्हंजी एका दुपारचं काम हाय."

ती दुपार काही येईना. मंत्री बदलले, खाती बदलली, एकदा तर अख्खं सरकारच बदललं. नानासोंच्या जीपचा ड्रायव्हर ज्ञानू मला मागच्या बाकाखाली टाकून फिरायचा. मंत्री कवा गाठ पडतील सांगता येत न्हाई, म्हणायचा. माझ्यावर कोणी पाय ठेवले, कोणी सुपारी फोडली. तासगावच्या व्यापाऱ्याने तर बेदाण्याचं पोतं माझ्या तोंडावर टाकलं. मी आतल्या आत धुमसत राहिले.

नानासो लष्करातून सुभेदार होऊन परतलेले. नव्वद साली ते आमदार झाले आणि तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद: माळाला पाणी. सांगलीत नियोजनाची बैठक असली की जीप खिडकीखालीच उभी असायची, त्यामुळे भांडणं सगळी ऐकू यायची. कृष्णाकाठचे एक आमदार नेहमी म्हणायचे, "जिल्ह्याची सरासरी बघा, नानासो. आपला जिल्हा पुढारलेला आहे. आपणच रडायला लागलो तर सरकार हसेल."

"तुमचा ऊस आणि आमची खुरटी बाजरी एका पाटीत घालून भागाकार केलात," नानासो कडाडायचे. "हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?"

मुंबईहून आले की त्यांचा चेहरा आणखी उतरलेला. तिथे म्हणे त्यांना ऐकवायचे, मागासलेपणाचं विदर्भ-मराठवाड्याने बोलावं, तुम्ही पश्चिम महाराष्ट्रवाले तर साखरेत लोळता. जीपमध्ये बसून ते सभागृहात करायचं राहिलेलं भाषण ज्ञानूला ऐकवायचे. बिचारा गिअर बदलत "व्हय, व्हय" करायचा.

करंजमाळला रंगूबाई नावाची बाई होती, बोलायला फटकळ. तिने एकदा जीप अडवली. "त्ये सरासरी म्हंजी काय वं, नानासो?"

"म्हंजी तासगावच्या द्राक्षांचं पाणी तुमच्या घागरीत मोजत्यात, आक्का."

"आन् घागर रिकामी दिसली तर?"

"घागरीत कोण बघतंय?"

रंगूबाई हसली नाही. नानासोही हसले नाहीत.

मग नव्याण्णवची निवडणूक तोंडावर आली आणि अचानक निरोप आला, मंत्री येणार! माळावर मांडव पडला, खड्डा खणला, वाजंत्री आली. बाया घागरी पुसून नटून उभ्या राहिल्या. गुंडा मला मांडीशी घेऊन मंत्र्यांचं नाव कोरायला बसला. मित्रांनो, त्या क्षणी मला इतका आनंद झाला, की माझं कोरडं अंगसुद्धा शहारलं असेल.

मंत्र्यांचे सहायक त्यांच्या आधीच येऊन पोचले होते. नानासोंनी त्यांना विचारलं, "पंपांचे पैसे मंजूर झाले?"

"ते मागाहून बघू. आधी नारळ फोडून घेऊ. आचारसंहिता लागायला आलीय."

नानासो वळून म्हणाले, "गुंडा, छिन्नी खाली ठेव."

पहिलं अक्षर अर्धंच कोरून झालं होतं.

ज्ञानू गयावया करू लागला. "आवं नानासो, बसवा की दगड! मतं पडतील. पाणी येईल कवातरी."

"आन् तवर ह्या बाया दगडाकडं बघत बसतील व्हय रं? मंत्र्यांना कळवा, येऊ नका म्हणावं."

मी त्यांचा मनापासून राग राग केला. हातातोंडाशी आलेली जागा गेली होती. मांडव उतरला, लोक शिव्या देत घरी गेले आणि निवडणुकीत नानासो पडले. रंगूबाई दारात येऊन स्पष्टच सांगून गेली, "मत म्या तुमाला दिलं न्हाई. लय आशा लावून ठेवली हुती आमी." नानासो त्या दिवशी जेवले नाहीत.

थंडीत नवे आमदार शंभूराज त्याच खड्ड्यापाशी आले, आपली संगमरवरी कोनशिला घेऊन. नानासो गर्दीत मागे उभे होते आणि मी जीपमधून बघत होते. हार निघाले, नारळ निघाला. तेवढ्यात रंगूबाई पुढे झाली.

"पैसं मंजूर झाल्याती का?"

"होतील की, मावशी."

"मंग दगड बी तवाच बसवा," असं म्हणून ती खड्ड्याच्या काठावर बसली. तिच्या शेजारी दुसरी बाई बसली, मग सगळ्याच बसल्या. संगमरवर आला तसा गाडीतून परत गेला.

खोटं कशाला बोलू, मला आधी हसू आलं ते त्या गोऱ्यापान पाहुणीची फजिती बघून. मग नानासोंकडे लक्ष गेलं. ते उपरण्याने डोळे पुसत होते. माझा राग तिथेच विरघळला. ह्या माणसाने मला का बसवलं नाही, ते मला इतक्या उशिरा कळलं याची लाज वाटली.

मित्रांनो, दगडाची काळजी म्हणजे त्याला हार घालणं नव्हे. कोनशिला दिसली तर नावं वाचून पुढे जाऊ नका. मागे काम आहे का ते बघा, नसेल तर मोठ्यांना तोंडावर विचारा. आणि माझ्यासाठी एवढं करा. मला बसायची फार घाई झाली आहे, हादरे खाऊन अंग आंबलं आहे. तरीही माळावर काम खरोखर सुरू होईपर्यंत, कितीही मोठा माणूस आला तरी, मला ह्या जीपमधून खाली उतरवू देऊ नका.