ही खुर्ची वर कोणी नेली?

दातांच्या डॉक्टरांसमोर माणसं दिवसभर तोंड उघडून बसत, पण हसत कोणीच नसे. म्हणून महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी ते दवाखाना बंद करून कोपऱ्यावरच्या छोट्या थेटरात जात. तिथे शाळकरी पोरांचा एक जुना विनोदी सिनेमा लागायचा. आला तेव्हा सपाटून आपटलेला. आता लोक तो शाळेचा गणवेश घालून बघायला येत. टकले, पोट सुटलेले, नातवंडं असलेले, सगळे हाफ चड्डीत.

पडद्याशी बोलायची तिथे रीतच होती. मध्यंतरानंतर हेडमास्तर मैदानात येतात आणि बघतात तर त्यांची खुर्ची शाळेच्या छपरावर. ते गरजतात, "ही खुर्ची वर कोणी नेली?" की अख्खा हॉल डॉक्टरांकडे वळायचा. डॉक्टर उभे राहून ओरडायचे, "तुम्हाला कंटाळून आपली आपण गेली, सर!" आणि हॉल कोसळायचा. हे वाक्य पहिल्याच खेळाला त्यांच्या तोंडून निसटलं, त्याला आता आठ वर्षं झाली होती. घरात त्यांना कोणी विचारत नसे, पण थेटरातली तिकिटं फाडणारी बाई "आज घसा बरा आहे ना?" असं काळजीने विचारायची.

मग बायको म्हणाली, "एकदा साडूभाऊंना न्या की. लिफ्ट दुरुस्त करून करून त्यांचा चेहराच बंद पडलाय."

डॉक्टरांनी नेलं. स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या खर्चाने.

साडूभाऊंनी पहिल्या खेपेला नुसतं बघितलं. दुसऱ्या खेपेला हेडमास्तरांच्या तोंडून "ही खुर्ची वर" एवढंच निघालं, तोच ते बसल्या जागेवरून म्हणाले, "कंटाळून गेली, सर." ओरडले नाहीत. लिफ्ट बंद आहे असं सांगावं तसं सांगितलं. हॉल कोसळला, आणि नेहमीपेक्षा उशिरा उठला. डॉक्टर उभे राहिलेले होते, ते तसेच खाली बसले.

"माझं वाक्य होतं ते," बाहेर आल्यावर ते म्हणाले.

"अहो डॉक्टर, वाक्यावर काय तुमचं नाव कोरलंय?"

"आणि 'आपली आपण' गाळलंत!"

"म्हणून तर हसले लोक."

हे डॉक्टरांना पार मुळापर्यंत लागलं, भूल न देता.

पुढच्या खेळाला हेडमास्तर नुसते दिसले तोच डॉक्टरांनी उत्तर ठोकून दिलं. त्याच्या पुढच्या वेळी साडूभाऊंनी ते मध्यंतरातच देऊन टाकलं. मग डॉक्टरांनी सुरुवातीची नावं चालू असताना दिलं. साडूभाऊंनी तिकिटाच्या रांगेत. शेवटी एका शनिवारी डॉक्टर सकाळीच साडूभाऊंच्या दारात गेले, बेल दाबली आणि दार उघडताच ओरडले, "तुम्हाला कंटाळून आपली आपण गेली, सर!"

"ते आंघोळीला गेलेत," मेहुणी म्हणाली.

आतून नळाच्या आवाजावर आवाज आला, "कंटाळून गेली, सर!"

म्हणजे त्या दुपारी दोघांचंही बोलून झालेलं होतं. हेडमास्तर आले. गरजले. हॉल डॉक्टरांकडे वळला, मग साडूभाऊंकडे. दोघं हाताची घडी घालून गप्प. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या प्रश्नानंतर शांतता पडली, आणि त्या शांततेत पडद्यावरचा, वर्गात नेहमी शेवटच्या बाकावर बसणारा पोरगा म्हणाला, "खुर्ची जागेवरच आहे, सर. शाळा खाली आलीय."

क्षणभर कोणाला काही कळेना. मग हॉल असा फुटला की छप्पर पडलं समजून तिकीटवाली बाई आत धावली.

साडूभाऊंनी डॉक्टरांचा दंड धरला. "हे कधी घातलं यात?"

"आधीपासूनच असणार."

"मग आपल्याला कसं ऐकू आलं नाही?"

"आपण बोलत होतो ना."

डॉक्टर त्या पोराकडे बघत राहिले. पंधरा वर्षांचा. सोळावं त्याला कधी लागणारच नव्हतं. दात सरळ, एकही किडलेला नाही.

"आगाऊ आहे कार्टं," साडूभाऊ म्हणाले.

"वळणच नाही," डॉक्टर म्हणाले. साडू झाल्यापासून दोघांचं एवढं एकमत कधी झालं नव्हतं.

पुढच्या खेळाला ते शेजारी शेजारी बसले. प्रश्न संपायच्या आत एकदम उठले, एका सुरात ओरडले आणि पोराचे ओठ मिटेपर्यंत खोटं खोटं खदखदून हसले. अख्खा हॉल त्यांच्याकडे वळला आणि म्हणाला, "शूऽऽऽ!"

तिकीटवाल्या बाईने दोघांना दंडाला धरून बाहेर काढलं.

दोघं घराकडे निघाले.

"ती शूऽ मुख्यतः मला होती," वाटेत डॉक्टर म्हणाले.

"अहो सोडा," साडूभाऊ म्हणाले, "मागची सगळी रांग माझ्याकडे बघत होती."