मास्तरांचा डावा हात

तिने बनवलेलं यंत्र चेहरा बघून माणसाच्या मनातलं ओळखायचं आणि त्याप्रमाणे बोलायचं. ऑफिसातल्या चाचण्यांत ते बहुतेक वेळा बरोबर निघालं होतं. रुग्णालयात मात्र पहिल्याच दिवशी फजिती झाली.

पेशंट एक म्हातारे शिंपी होते. सगळा वॉर्ड त्यांना मास्तर म्हणायचा. लकव्याने उजवी बाजू आणि वाचा गेलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं.

"तुम्ही दुःखी दिसताय," यंत्र मायेने म्हणालं. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. दुपारपर्यंत हे सांत्वन ऐकून ऐकून मास्तरांनी डाव्या हाताने उशी भिरकावली.

"तुम्ही दुःखी दिसताय," यंत्र म्हणालं.

ती खजील झाली. शेजारी बसलेल्या मास्तरांच्या बायकोला हसू आवरेना. "अगं, सकाळी नातीचा फोन आला तेव्हा हे केवढे खूश होते! तुझ्या यंत्राचं तेव्हाही रडगाणंच."

"खूश होते ते कशावरून, काकू?"

"यांचा डावा हात बघ. खुशीत असले की अंगठा बोटांवर घासतात, कापडाचा पोत बघितल्यासारखा. राग आला की मूठ. आणि मन उदास झालं की हात पांघरुणाखाली."

ती दोन दिवस तिथेच बसून राहिली. काकूंचा एकही अंदाज चुकला नाही.

तिचे ऑफिसातले साहेब वैतागले. "एकेका पेशंटचं वेगळं शिकवत बसलो तर झालंच कल्याण! सगळ्यांना एकच माप हवं."

"सर, मास्तरांनी जन्मात कुणाला दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवला नसेल," ती म्हणाली. "तीन आठवडे द्या. जमवून दाखवते."

तिने कॅमेरा हातांकडे, खांद्यांकडे वळवला. आता पहिला दिवस यंत्राने गप्प राहायचं आणि घरचं माणूस सांगेल ते शिकायचं. त्यानंतरही ठासून काही सांगायचं नाही, विचारायचं. मास्तरांच्या डाव्या हाताच्या बोटाला एक बटण बांधलं. एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी काकू चहाला खाली गेल्या होत्या, तेव्हा मास्तरांचा हात पांघरुणाखाली गेला.

"उदास वाटतंय का?" यंत्राने विचारलं. हो.

"काकूंना बोलावू?" नाही.

"मी गप्प बसू?"

मास्तरांनी बटण एवढं जोरात दाबलं की ते दोऱ्यासकट निसटलं. यंत्र गप्प झालं. तासाभराने हात आपोआप बाहेर आला.

तिने सगळं सांगितल्यावर काकू फणकारल्या, "म्हणजे मी नको?" मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "घरी दिवसातून दहादा नाही म्हणायचे गं. आजारी पडल्यापासून माझ्या मनाला येईल ते मी करत होते. आज पुन्हा नाही म्हणाले."

तिने तिथूनच साहेबांना फोन लावला, "जमलं, सर."

शेजारच्या पलंगापाशी बसलेली सून मघापासून ऐकत होती. "मॅडम, आमच्या सासूबाईंना हे यंत्र कधी देताय?" सुनेने विचारलं. "त्यांच्या भुवयांचं सगळं मला पाठ आहे."

"उद्या सकाळी. आधी भुवयांचं सांगा," ती म्हणाली आणि वही उघडून बसली.