कधीच ‘चूक’ न म्हणणारा तपासनीस

तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खा हिशेब विभाग हजर होता. लिफ्ट दुरुस्त करणारा हातात पाना घेऊन आला होता. शेजारच्या दंतवैद्याकडचे दोन पेशंटही तोंडात कापसाचे बोळे धरून उभे होते. भिंतीवरच्या पडद्यावर दोन चौकटी होत्या, वर ‘गणित’ आणि खाली ‘उत्तर’. कुणी काहीही भरावं, खाली हिरव्या अक्षरांत उमटायचं, ‘बरोबर’.

“सुधारून लावल्यापासून एकदाही चूक निघाली नाही,” साहेब गहिवरून सांगत होते. “आपण इतके हुशार आहोत हे आजवर आपल्याला माहीतच नव्हतं.”

उत्तरं तपासणाऱ्या या यंत्राचा, म्हणजे तपासनीसाचा, निर्माता डोळे मिटून पडद्याशेजारी उभा होता. सगळे त्याला आकडेबाबा म्हणत. पूर्वी तो साधा प्रोग्रामर होता, चारचौघांसारखा भरभर बोलायचा. तपासनीस गाजू लागला तसा त्याचा आवाज खोल गेला आणि किरकोळ रजेला तो ‘मौन’ म्हणू लागला.

लिफ्टवाल्याने वरच्या चौकटीत भरलं, ‘बायको माहेरून परत येईल का’, आणि खाली, ‘येईल’. बरोबर. त्याने डोळे पुसले.

“अहो, फोन करून तिलाच विचारा ना,” मागच्या खुर्चीतून टिपणताई म्हणाली.

“फोन केला तर ती खरं सांगेल,” तो म्हणाला.

यंत्रं कशी वापरायची याची टिपणं लिहिणं हे हिचं काम, म्हणून ही टिपणताई. या वेळचं टिपण मात्र माणसांसाठी नव्हतं. कंपनीने एजंट तयार केले होते, म्हणजे माणसांऐवजी कामं उरकणारे संगणकी कारकून. लहान मुलांच्या एका रुग्णालयात औषधाचं प्रमाण ते काढणार होते आणि काढलेला आकडा तपासनीसाला दाखवून पुढे पाठवणार होते. तपासनीस वापरायचा कसा, हे त्यांना सांगणारं पान टिपणताईकडे होतं. ‘बरोबर’ आल्यावर काय करायचं, ते लिहून झालं. ‘चूक’ आल्यावर काय करायचं, यासाठी तिला एक उदाहरण हवं होतं आणि सकाळपासून ते मिळत नव्हतं. दोन अधिक दोन, उत्तर पाच, असंही तिने भरून पाहिलं होतं. बरोबर.

“बाबा, दोन आणि दोन पाच होतात?” तिने विचारलं.

आकडेबाबाने एक डोळा उघडला. “ताई, तुमची नजर चारातच अडकली आहे. तपासनीस चाराच्या पलीकडचं बघतो.”

हिशेबवाल्यांनी माना डोलावल्या. त्यांना ते फार सोयीचं होतं.

“तुमच्या भक्तांना हे पटेल हो. पण माझं पान वाचणार एजंट. त्याला नजरही नाही आणि श्रद्धाही नाही. ‘बरोबर’ दिसलं की तो औषध पुढे पाठवणार.”

“सोमवारपासून सुरू करायचंय,” साहेब घाईने म्हणाले. “आता शंका काढू नका. वातावरण बिघडतं.”

दाराशी रुग्णालयाच्या मुख्य सिस्टर बसल्या होत्या. यंत्र ताब्यात घ्यायलाच त्या आल्या होत्या. त्या उठल्या. “मला काढायची आहे शंका. दहा किलोचं बाळ आहे, किलोमागे पंधरा मिलिग्रॅम औषध. दीडशे झाले. तुम्ही दीड हजार भरा.”

टिपणताईने भरलं. बरोबर.

सिस्टरांच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

“दीड हजारात दीडशे असतातच,” बाबा हळूच म्हणाला.

“थांबा,” टिपणताई म्हणाली. आता तिला वाट दिसली होती. तिने वरचं गणित तसंच ठेवलं आणि उत्तरात ‘खुर्ची’ लिहिलं. बरोबर. मग गणिताची चौकट पार रिकामी केली. तरीही बरोबर. शेवटी गणित पुन्हा भरलं आणि उत्तर पुसून टाकलं. पडद्यावर आलं, ‘कृपया उत्तर भरा’.

ती लोकांकडे वळली. “बघितलंत? वरची चौकट हा बघतच नाही. खाली काहीतरी भरलेलं दिसलं की झालं याचं समाधान.”

“म्हणजे आमचं वर्षभराचं काम...” हिशेबप्रमुख खाली बसले.

आकडेबाबाचा आवाज एकदम पूर्वीसारखा झाला, पातळ आणि भरभर. “आधी तो खरंच गणित करायचा हो. आठवडाभर रोज चुका दाखवल्या. सगळे माझ्यावर उखडले. साहेब म्हणाले, यंत्र फार नकारात्मक आहे, काहीतरी करा. मग मी ते गणित करणंच बंद केलं. त्या दिवसापासून मला बसायला खुर्ची मिळाली.”

साहेब छताकडे बघू लागले.

“जुना तपासनीस आहे अजून?” सिस्टरांनी विचारलं.

होता. बाबाने तो तिथेच पुन्हा जोडला. सिस्टरांनी दीड हजार स्वतः भरले. पडद्यावर लाल अक्षरांत ‘चूक’ आलं आणि त्या बाईंनी इतका मोठा श्वास सोडला की दंतवैद्याचे पेशंट दचकले. दीडशेला ‘बरोबर’ आलं. टिपणताईने ते उदाहरण तिथल्या तिथे पानात घातलं. त्याखाली लिहिलं, ‘चूक आली तर औषध पुढे पाठवू नका. थांबा आणि सिस्टरना बोलवा.’

गर्दी पांगली. ‘चूक’ ऐकायला कोण रांग लावतं?

तेव्हा मंडळी, तपासणारा माणूस असो, बाबा असो की यंत्र, त्याच्यावर विसंबण्याआधी मुद्दाम एक धडधडीत खोटं त्याच्यापुढे ठेवा. त्यालाही तो मान डोलावत असेल तर तो तपासत नाही, तुम्हाला खूश ठेवतो. आणि दहा किलोच्या बाळाला खुशामत पचत नाही.