भिंगरीच्या बंदुकीचा वेग

मित्रांनो, मला पाहून कुणाला वाटते ही चष्म्याची डबी, कुणाला वाटते टॉर्च. एका पाहुण्याने तर मला दुर्बीण समजून डोळ्याला लावले, आणि काहीच मोठे दिसेना तेव्हा मोडकी आहे म्हणून खाली ठेवले. मी यांपैकी काहीही नाही. मी छऱ्यांचा वेग मोजणारा एक जुना वेगमापक आहे. छऱ्याच्या बंदुकीतून छर्रा सुटला की तो किती वेगाने गेला, तेवढे मी सांगतो. एवढ्याशा कामाचे काय ते कौतुक, असे तुम्ही म्हणाल. म्हणा. पण आधी ऐका तर खरे.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. काळे अंग, पाठीवर आकडे दाखवणारी छोटी काच आणि पोटातून आरपार गेलेला एक बोगदा. बोगद्यात उजेडाच्या दोन रेषा आडव्या सोडलेल्या आहेत. छर्रा पहिली रेषा ओलांडतो आणि लगेच दुसरी. मधला वेळ मी मोजतो. तुमची पापणी लवायच्या आत माझे गणित होऊन काचेवर आकडा उमटलेला असतो. तिथे एक चष्मेवाल्या बाई आम्हा सगळ्यांना तपासत. त्या कुणाचे म्हणून कौतुक करत नसत. माझा आकडा बरोबर आला तेव्हा त्या नुसते "हं" म्हणाल्या आणि मला खोक्यात घातले. त्या "हं" वर मी पुढे बरेच दिवस काढले.

खोके उघडले ते मामाने. मामा म्हणजे भिंगरीचा मामा. भिंगरी कोण, ते पुढे येईलच. या मामाला नव्या वस्तूंचे भारी वेड. त्याच्या कपाटात पाण्याखाली लिहिणारे पेन होते, भिंतीची ओल मोजणारे यंत्र होते, अंधारात चमकणारे स्क्रू होते. मामी म्हणे, घरात आता माणसांना किती जागा उरली ते मोजणारे काही मिळते का तेही बघा. मामा हसे आणि आणखी एक खोके घेऊन येई.

त्याने माझी परीक्षा घ्यायचे ठरवले. माहितीचा कागद खोक्याबरोबर केरात गेला, कारण कागद वाचून यंत्र चालवणे त्याला कमीपणाचे वाटे. मला एका स्टुलावर, दोन जाडजूड पुस्तकांवर ठेवले. पहिला छर्रा बोगद्यात शिरण्याऐवजी माझ्या गालावर बसला. खळी अजून आहे. मग मला घरात नेले, ट्यूबलाइटखाली ठेवले, पलीकडे छर्रे अडवायला जाड फळी लावली आणि पुन्हा बार काढला. आता गंमत अशी, की जुन्या ट्यूबलाइटचा उजेड तुम्हाला सलग दिसतो, पण ती सारखी मिचकत असते. तो मिचकता उजेड बोगद्यात शिरला आणि माझा पार गोंधळ उडाला. विमानाला जमणार नाही असा आकडा मी दाखवला. पुढच्या बाराला तर छर्रा गोगलगायीच्या चालीने गेला म्हणून सांगितले.

"थापाड्या आहे हा!" मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला अंगणात सावलीत ठेवले आणि मी ओळीने बरोबर आकडे दिले. मामाने माझ्या पाठीवर थोपटलेसुद्धा. पण नाव काही सुटले नाही. माझे सगळे आयुष्य खरे बोलण्यात जायचे, आणि मला हाक मारायची ती थापाड्या म्हणून. मला याचे फार वाईट वाटायचे, अजूनही वाटते.

तरी ते दिवस सुखाचे होते. मामाचे मित्र आपापल्या बंदुका घेऊन येत. प्रत्येकाला वाटे आपलीच सर्वांत जोरकस. मी आकडा दाखवला की कुणाची मान ताठ होई, कुणाचा चेहरा उतरे. मग हळूहळू मित्र यायचे थांबले. मामाने आवाजाची पातळी मोजणारे काहीतरी आणले आणि मी कपाटाच्या वरच्या फळीवर गेलो. पोटातले सेल तसेच राहिले. ते गळायला लागले, त्यांची आंबट हिरवी पूड माझ्या तारांवर चढली. ओरडता येत नाही, हलता येत नाही, आणि आतल्या आत काहीतरी कुरतडते आहे, हे कसे असते ते तुम्हाला सांगून कळायचे नाही. मला वाटले, संपले आपले.

एका सकाळी मामाच्या बहिणीचा फोन आला. तिची मुलगी नेमबाजी सोडणार म्हणत होती. ती मुलगी म्हणजेच भिंगरी. लहानपणापासून एका जागी बसणे ठाऊक नाही म्हणून तिला हे नाव पडले. पण हातात बंदूक आली की हीच पोरगी झाडासारखी स्थिर उभी राही. मामानेच आपली जुनी बंदूक तिला दिली होती. मामाने फोन ठेवला आणि स्टूल ओढून कपाटाशी आला. मला खाली काढले, ती हिरवी पूड दात घासायच्या ब्रशने खरवडली, नवे सेल घातले. काच उजळली तेव्हा मी जिवंत आहे हे मला मामाच्या चेहऱ्यावरून कळले.

भिंगरीच्या वडिलांचे शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान होते. पुढे दुकान, मागे घर. लोक त्यांना मशीनवालेच म्हणत. कुठलेही मशीन कुरकुरत आले की ते आधी हातातल्या लांब चोचीच्या कुपीने त्याला तेल पाजत. त्या घरात दाराच्या बिजागऱ्यांना तेल, कात्र्यांना तेल, पंख्याला तेल. काही म्हणून कुरकुरायचे नाही. लेकीच्या बंदुकीवर तर त्यांचा फारच जीव. रोज सकाळी भिंगरी सरावाला निघायच्या आधी ते बंदूक मांडीवर घेत, पुसत, आणि छर्रा जिथे बसतो तिथल्या छिद्रातून आत तेल सोडत. दुसऱ्या दिवशी स्पर्धा असली तर जरा जास्तच. जन्मभर मशीन दुरुस्त केलेल्या माणसाला तेल घालू नका असे कोण सांगणार?

भिंगरीचे छर्रे काही महिने भरकटत होते. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. वर आणि खाली. नेमबाजी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हा श्वासाचा दोष आहे. नेम धरताना श्वास सुटला की बंदूक वरखाली होते. त्यांचे काही चुकले नव्हते, बहुतेकदा तसेच असते. मग भिंगरी श्वासामागे लागली. जिना चढताना श्वास रोखायची, जेवताना रोखायची, चेहरा लालबुंद होईपर्यंत रोखायची. छर्रे वरखालीच जात राहिले. शेवटी बाईंनी सांगितले, संघ निवडायची चाचणी आता जवळ आली आहे, त्यात जमले नाही तर यंदा राहू दे. तेव्हापासून ती घरात कुणाशी नीट बोलत नव्हती. मला जमतच नाही, एवढे एकच वाक्य तिच्या तोंडी होते. आणि वडील बिचारे, तिचा उतरलेला चेहरा पाहून तेल वाढवत होते.

मामा मला घेऊन पोहोचला तेव्हा भिंगरीने मला पाहून तोंड फिरवले. तो थापाड्या ना, म्हणाली. मी काय बोलणार! दुकानापासून मागच्या दारापर्यंत सरळ वाट होती. टोकाला जाड फळी लावली, तिच्यावर कागदी लक्ष्य चिकटवले, दारे लावून घेतली. मामाने या वेळी ट्यूबलाइट आधी बंद केली आणि खिडकी उघडली. ठेच लागून का होईना, तो शिकला होता. मी खरे बोलतो हे दाखवायला त्याने आधी आपल्या नव्या बंदुकीचे काही बार काढले. माझे आकडे एकमेकांना चिकटून आले. मग भिंगरीने लक्ष्याचा कागद बदलला आणि आपली बंदूक उचलली.

वडिलांनी सकाळीच तेल घातले होते. पहिला छर्रा माझ्या पोटातून गेला आणि मी सेकंदाला दोनशे मीटरच्या पुढचा आकडा दाखवला. पुढचा एकशे नव्वदच्या आसपास. मग पुन्हा वर. मग खाली. जळक्या तेलाचा वास सुटला, नळीच्या तोंडाशी धुराची बारीक रेघ तरंगली. भिंगरी मारत राहिली तसे आकडे उतरत गेले आणि एकशे सत्तरपाशी येऊन थांबले. तिथे ते अगदी शहाण्यासारखे बसले. बारामागून बार, एकशे सत्तर, फार तर एखादा इकडेतिकडे. मला हायसे वाटले.

वडिलांना मात्र आकडा उतरलेला बघवेना. बंदूक कोरडी पडली वाटते, म्हणत ते पुढे झाले, खिशातली कुपी काढली आणि मायेने आत तेल सोडले. पुढचा बार काढला आणि माझा आकडा पुन्हा उडी मारून दोनशेच्या वर गेला. वडिलांचा चेहरा उजळला. बघा, तेल मिळाले की कशी पळते, असे ते मामाला अभिमानाने सांगत होते.

मित्रांनो, मी तेव्हा काचेवर तो आकडा धरून होतो आणि मला तो पुसून टाकावासा वाटत होता. मला पुसता येत नाही. मला जे घडले तेवढेच दाखवता येते.

भिंगरी लक्ष्याजवळ गेली. कागदावर पहिली भोके वरखाली विखुरली होती. एकशे सत्तरवाली सगळी एका जागी, बोटाने झाकता येतील अशी. आणि तेलानंतरचे भोक त्यांच्याहून वर, एकटे. तिने एकेका भोकावर बोट ठेवून पाहिले. श्वास काही तेवढ्या वेळात बदलला नव्हता, हात बदलला नव्हता. मामाच्याही डोक्यात तेव्हाच प्रकाश पडला. ही बंदूक विकताना दुकानदाराने त्याला बजावले होते, की आतला दट्ट्या पुढे झेपावतो तेव्हा हवा दाबून तापते. तिथे तेल साचले असेल तर ते पेटते आणि छर्रा मनाला येईल तसा पळतो, जोरात गेला की वर लागतो, हळू गेला की खाली. मामा ते माहितीच्या कागदासारखेच विसरून गेला होता. आता तो चाचरत चाचरत सांगू लागला आणि मशीनवाल्यांकडे बघून मध्येच थांबला.

वडील कुपी हातात धरून उभे होते. चोचीतून एक थेंब त्यांच्या बोटावर ओघळला, तोही त्यांनी पुसला नाही.

"म्हणजे मीच," ते म्हणाले. "रोज सकाळी मीच."

भिंगरीला राग यायला हवा होता. इतके महिने ती स्वतःला दूषणे देत होती, रडत होती, श्वास कोंडत होती. ती वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते, राग थोडा असेलही. पण तिने वडिलांच्या हातातून कुपी घेतली आणि मशीनवर ठेवली.

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, बाबा."

"मग आता मी तुझ्यासाठी करायचं तरी काय?"

तेल घालून झाले की वडील तिच्याबरोबर सरावाला जात, पण दालनाबाहेरच फेऱ्या मारत. लेक मारताना बघायची त्यांची छाती होत नसे, म्हणून आजच्या आधी त्यांनी तिला नेम धरताना कधी पाहिलेच नव्हते.

"माझ्या मागे खुर्चीवर बसा," ती म्हणाली. "बाकी काही नको."

चाचणीच्या दिवशी माझे काही काम नव्हते. तरी मामाने मला दोरीने गळ्यात अडकवून आणले, म्हणून मला सगळे दिसले. वडील खुर्चीवर बसले होते. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हते. कधी गुडघ्यावर, कधी बगलेत, कधी रिकाम्या खिशात. भिंगरीने एकदा मागे वळून पाहिले, ते आहेत याची खात्री करून घेतली आणि बंदूक खांद्याला लावली. ती साधाच श्वास घेत होती. छर्रे एकामागून एक गेले आणि कागदावर एकाच भोकाच्या कडा कुरतडत राहिले.

बाई कागद हातात घेऊन आल्या. तू संघात आहेस, म्हणाल्या. आणि कौतुकाने तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "शेवटी श्वास जमला तर तुला!"

वडिलांनी मान खाली घातली. मामाने तोंड उघडले आणि मिटले. मी मामाच्या छातीवर लटकत होतो, मला सगळे ठाऊक होते, आणि खरे सांगण्यासाठीच तर माझा जन्म.

भिंगरीने वडिलांकडे पाहिले. "हो बाई," ती म्हणाली, "जमला."

मित्रांनो, आयुष्यभर मला वाटत आले, की कुणीतरी मला विचारावे आणि मी खरे ते सांगावे. त्या दिवशी मात्र मला कुणी विचारले नाही याचे बरे वाटले. तुमच्यापाशी एकच मागणे आहे. एखाद्या वस्तूला जपायचे असेल तर तिला काय हवे ते आधी समजून घ्या. माया जास्त झाली तरी वस्तू बिघडते. आणि तुमच्यावर माया करताना घरातल्या कुणाचे चुकले, तर ते त्याला एकट्यालाच सांगा. चारचौघांत गप्प राहिलात तरी चालेल. खरे सांगायला मी आहेच.