चुरगळीने दिलेलं प्रायश्चित्त

इस्त्रीवाल्या बाई देवाला थोड्या घाबरायच्या आणि फादरच्या कॉलरला जास्त. दर आठवड्याला ती पांढरी कॉलर त्यांच्या लाँड्रीत यायची आणि मळाची काळी कड घासताना बाईंची बोटं सोलवटून निघायची. त्यामुळे फादर म्हणजे ‘कॉलर’. अर्थात पाठीमागे. तोंडावर बोलण्याइतकी त्यांची अक्कल गहाण पडली नव्हती.

धंद्याची सवय, दुसरं काय. दुकानात कपडा आला की त्याला चिठ्ठी टोचायची आणि तिच्यावर त्याची खोड लिहायची: उसवलेलं, आटलेलं, चुरगळलेलं. गिऱ्हाइकाचं नाव विसरलं तरी चालतं, खोड विसरून भागत नाही. रविवारची मिस्सा प्रार्थना संपली की बाई चर्चमध्ये लहान मुलांना धर्मशिक्षण द्यायच्या, तिथेही तोच खाक्या. पुढचे दात पडलेला तो उसवल्या. वर्षभर इंचभरही न वाढलेला तो आटल्या. आणि एक पोरगी, जिची आई पहाटेच इस्पितळात फरशा पुसायला जायची, ती आपली आपण तयार होऊन यायची. वेणी एकीकडे, झग्याची गुंडी भलत्याच काजात. ती चुरगळी. बाईंच्या मते हे सगळे लाड होते. आयांच्या मते नव्हते.

तक्रारी फादरपर्यंत गेल्या. त्यांनी बाईंना वेदीमागच्या खोलीत बोलावलं आणि शांतपणे सांगितलं की पहिल्या कम्युनियनआधी, म्हणजे वेदीवरच्या पवित्र भाकरीचा पहिला प्रसाद घेण्याआधी, या मुलांना स्वतःची किंमत कळली पाहिजे. प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिमेत घडलाय, हे त्यांच्या मनात रुजवा. आणि हो, आणखी एक तक्रार आली तर वर्ग ऑर्गनवाल्या मास्तरांकडे जाईल. ऑर्गनवाला मास्तर! स्वतःच वाजवताना पेंगणारा माणूस! घरी नवरा होता, तोही मुखदुर्बळ, मूलबाळ नव्हतं. रविवारचा तो तास होता म्हणून बाकीचा आठवडा वाफेत उभं राहवत होतं. तो गेला तर उरलं काय?

म्हणून बाईंनी धडा अगदी मन लावून शिकवला.

“तुम्ही प्रत्येक जण देवाची प्रतिमा आहात, कळलं का रे आटल्या? उसवल्या, आधी नाक पूस आणि मग सांग, तू कोणाची प्रतिमा?”

उसवल्याने नाक पुसून “देवाची” म्हटलं. बाई खूश. यात काही बिनसलंय, असा संशयही त्यांना शिवला नाही.

मग आली पापकबुलीची तालीम. बाई पापकबुलीच्या लाकडी खोक्यात फादरच्या खुर्चीवर बसल्या आणि मुलं जाळीपलीकडे एकेक करून गुडघे टेकू लागली. खरी पापं फादरसाठी ठेवा, आज काहीतरी बनवून सांगा, असं बाईंनी बजावलं होतं. पोरांनी हौस भागवून घेतली. उसवल्याने बँक लुटली. आटल्याने बायकोला सोडलं. मागच्या बाकावर फादर डोळे मिटून बसले होते, पण प्रार्थना बिर्थना काही नाही, कान इकडेच. वर्गाचा निकाल आज लागणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

शेवटी चुरगळी आली.

“बाई, मला खोटं पाप सुचलंच नाही. खरं चालेल?”

चालेल, पण लवकर आटप, असं बाई म्हणाल्या.

“मी देवाला चुरगळा म्हणाले.”

बाईंनी खोक्यातल्या खोक्यात छातीवर क्रूसाची खूण केली आणि असलं अभद्र का बोललीस म्हणून दटावलं.

“मी देवासारखी आहे, असं तुम्ही सांगितलंत. मी चुरगळी आहे, हेही तुम्हीच सांगितलंत. मग देव चुरगळलेलाच असणार ना? मी त्याला प्रार्थनेत विचारलं, तुलाही कोणी नीट तयार करून देत नाही का. मग मला रडू आलं. तो रागावला असेल का?”

रिकाम्या चर्चमध्ये शब्द न् शब्द मागच्या बाकापर्यंत पोचला. ‘चूप, जा पळ’ म्हणून पोरीला हाकलता आलं असतं. फादरना सांगता आलं असतं, पोरगी आगाऊ आहे. वर्ग वाचला असता. पण जाळीपलीकडे ती चुकीच्या काजातली गुंडी दिसत होती, आणि बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

“पाप तुझं नाही गं,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “माझं आहे.”

“मग तुम्ही इकडे या,” चुरगळी म्हणाली. ज्याचं पाप त्याने जाळीपलीकडे गुडघे टेकायचे, हे शिकवलेलंच ती बोलत होती.

बाई बाहेर आल्या. पोरगी फादरच्या खुर्चीवर चढून बसली, पाय अधांतरी. बाईंनी कुरकुरणारे गुडघे टेकले आणि सांगून टाकलं, की मी देवाला उसवल्या म्हणाले, आटल्या म्हणाले, चुरगळी म्हणाले, आणि वर्षानुवर्षं म्हणत आले. आत प्रायश्चित्त काय द्यावं, याचा विचार चालला असावा.

“माझं नाव तीनदा म्हणा.”

बाईंनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. नाव त्यांना येतच नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

“सांग गं बाई,” त्या हळूच म्हणाल्या.

पोरीने जाळीतून सांगितलं. बाईंनी ते खणखणीत आवाजात म्हटलं, पुन्हा म्हटलं, आणि तिसऱ्या वेळी अर्धंच बाहेर पडलं. पोरीने तेही पास केलं.

झालं! बाकीची कार्टी कसली गप्प बसतात? माझं पण, माझं पण करत बाईंच्या भोवती रांग लागली. बाई गुडघ्यांवरच. प्रत्येकाने आपलं नाव कानात सांगायचं आणि बाईंनी ते तीनदा म्हणायचं. गुडघ्यांची पार वाट लागली, पण उठायची सोय नव्हती, कारण खुर्चीतून चुरगळीची नजर होती.

रांग संपत आली तेव्हा आटल्याच्या मागे एक काळा झगा उभा दिसला. बाईंनी सवयीने, मान वर न करताच विचारलं, तू कोण रे?

“कॉलर,” फादर म्हणाले.

धरणीने पोटात घ्यावं, असं बाईंना वाटलं. वर्ग मास्तरांकडे जाणार ना, असं त्यांनी कसंबसं विचारलं.

“वर्गाचं नंतर बघू.” फादर खाली वाकले. “आई गेल्यापासून मला कोणी नावाने हाक मारलेली नाही. तीनदा म्हणाल का?”