साहेबांनी लिहून घेतलंय

मित्रांनो, शर्टाच्या खिशावर नाव लिहिलेली काळी पट्टी तुम्ही बघितली असेल. मी तसलाच एक बिल्ला आहे. आता जुना झालोय. एक कोपरा तुटलाय, पांढरी अक्षरं पिवळी पडलीत. पण पाठीवरचं लोहचुंबक अजून घट्ट आहे, आणि सध्या माझं पोट त्याच्यावरच चालतं.

माझा जन्म पिंपरी कॅम्पातला. अर्जुनराव नावाचे कारागीर तिथे नंबर प्लेटा, डॉक्टरांच्या पाट्या आणि गल्ली क्रिकेटच्या ट्रॉफ्या बनवतात. काळ्या ॲक्रिलिकच्या एकाच शीटमधून त्यांनी त्या दिवशी दोन वस्तू कापल्या. मोठा तुकडा चाकणच्या एका कंपनीच्या गेटसाठी. त्याच्यावर लिहिलं, 'अपघाताशिवाय आजचा दिवस', आणि पुढे आकडा बदलायला जागा ठेवली. उरलेल्या कपच्यातून झालो मी. म्हणजे ती पाटी माझी थोरली बहीण.

माझ्यावर अर्जुनरावांनी चर्चचं लांबलचक नाव कोरलं आणि त्याच्या वर 'एल्डर विल्कॉक्स'. एल्डर म्हणजे वडीलधारा. मला न्यायला आलेला वडीलधारा एकोणीस वर्षांचा होता आणि त्याच्या गालावर मुरमं होती. त्याने आधीचा बिल्ला शर्टासकट इस्त्रीला दिला होता. इस्त्रीवाल्याने तोही मनापासून इस्त्री केला.

"कुठले तुम्ही?" अर्जुनरावांनी तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं.

"अमेरिका. आयडाहो. घरी बटाट्याची शेती."

"मग इकडं काय करता?"

"सर्व्हिस," पोरगं म्हणालं. त्याला सेवा म्हणायचं होतं.

"असं होय. कुठल्या कंपनीत?"

मित्रांनो, ही मॉर्मन पंथाची मुलं. तरुणपणातली दोन वर्षं घर सोडून, पगाराशिवाय, पाठवतील तिथे जाऊन राहतात. जोडीदार ठरवून दिलेला असतो आणि त्याच्या नजरेआड जायचं नाही असा नियम. माझ्या पोराचा जोडीदार होता एल्डर प्रभाकर, राजमहेंद्रीचा. त्याला तेलुगू पक्कं, इंग्रजी बरं आणि हिंदी गरजेपुरतं. घरी फोन आठवड्यातून एकदा, सोमवारी. इथे कुणाचं दार वाजवून धर्म सांगायचा नाही, कुणी आपणहून विचारलं तरच बोलायचं, हेही ठरलेलं.

लोक विचारायचे, नाही असं नाही. वाकडच्या एका सोसायटीत त्यांना पाण्याच्या फिल्टरबद्दल विचारलं, दुसऱ्या सोसायटीत सातवीच्या इंग्लिशच्या क्लासबद्दल. एका काकांनी स्वतःची कवळी काढून दाखवली, त्यांना हे दाताचे डॉक्टर वाटले. पांढरा शर्ट, टाय आणि बिल्ला एवढं दिसलं की आपल्या लोकांचं वाचणं तिथेच थांबतं. मला सगळ्यांनी बघितलं. वाचलं कुणी नाही.

दोघं राहायचे रावेतला, रंगरावांच्या वरच्या खोलीत. रंगराव जुन्या गावातले. नवे टॉवर त्यांच्याच रानावर उभे राहिले.

"तुमच्याकडं बटाटा, आमच्या चाकणला कांदा," ते पोराला म्हणायचे. "आता भजी तळायला बी कुनीतरी धाडा म्हनावं आयडाहोवरनं."

पोरगं हसायचं. त्याला काही कळायचं नाही. रंगरावांच्या बायकोला, सुभद्राबाईंना त्याची फार काळजी. त्यांनी त्याला मराठीतले दोन शब्द घोटून दिले.

"ह्ये बघ बाळा. कुनी कायबी इचारलं तर 'हो' म्हनायचं. आन मागनं 'धन्यवाद'. कुठं उपाशी राहनार न्हाईस."

प्रेमाने दिलेलं होतं ते. म्हणूनच त्याने ते जन्माचं लक्षात ठेवलं.

त्याला आणखी एक सवय होती, त्याच्या आईने लावलेली. जो भेटेल त्याचं नाव खिशातल्या छोट्या वहीत लिहायचं आणि रोज सकाळी गुडघ्यावर बसून त्याच्यासाठी प्रार्थना करायची. मी त्याच खिशावर होतो. ती वही पाठीला लागायची मला.

आता त्या बुधवारचं सांगतो. चर्चमधले सुधाकरभाऊ चाकणजवळ खराबवाडीत खोली बदलणार होते. त्यांचं लोखंडी कपाट उचलायला दोघं निघाले. सुधाकरभाऊ म्हणाले होते, "चाकण चौकात उभं राहा, गाडी पाठवतो." दोघं उभे राहिले. पांढरी गाडी आली. ड्रायव्हरने पांढरे शर्ट बघितले, बिल्ले बघितले, उतरून दार उघडलं. सुधाकरभाऊंनी एसी गाडी पाठवली याचं दोघांना जरा नवल वाटलं, पण बसले.

गाडी थांबली ती एका कंपनीच्या गेटवर. तिथे कोण लटकलेलं असावं? माझी बहीण. 'अपघाताशिवाय आजचा दिवस ४१२.' त्या दिवशी कंपनीत माल आणि सुरक्षा तपासायला बाहेरचे ऑडिटर येणार होते, दोन जण, त्यातला एक गोरा. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये त्यांची नावं आधीच लिहून ठेवली होती. त्याने नावापुढे टिक केली, सॅल्यूट ठोकला आणि दोघांच्या गळ्यात एकेक मोठं कार्ड घातलं. त्याच्यावर लिहिलं होतं 'ऑडिट'. मित्रांनो, ते कार्ड बरोबर माझ्यावर येऊन पडलं. खरं काय ते माझ्या अंगावर कोरलेलं होतं, आणि मी झाकला गेलो.

आत प्लांट हेड पुष्पगुच्छ घेऊन उभे. पोराने हात मिळवला आणि सरळ मुद्द्यावर आला. "कपाट कुठे आहे?" त्याने इंग्रजीत विचारलं.

प्लांट हेडच्या कपाळावर घाम आला. नाकारलेला माल त्यांनी रात्रपाळीकडून स्टोअरच्या कपाटात भरून घेतला होता, हे याला कसं कळलं?

"आधी नाश्ता घ्या ना सर," ते म्हणाले.

"आधी कपाट," पोरगं नम्रपणे म्हणालं. "आम्ही त्याच्यासाठीच आलोय."

मग पळापळ झाली. कुणी किल्ल्या हरवल्या, कुणी सापडू दिल्या नाहीत. प्रभाकरला संशय यायला लागला होता. पण सुपरवायझर नवनाथ त्याला खांद्याला धरून कॅन्टीनला घेऊन गेला आणि त्याच्या ताटात गुलाबजाम वाढतच राहिला. कपाटाच्या गोंधळात पाच-सात मिनिटं माझं पोरगं प्रेस शॉपमध्ये एकटं राहिलं. जोडीदाराच्या नजरेआड जायचं नाही, हा नियम तेवढाच मोडला.

तिथे सुजित होता. जालन्याकडचा, तिशीच्या आतला, कंत्राटी कामगार. पत्र्याला आकार देणाऱ्या मोठ्या प्रेसवर उभा. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि पोराजवळ आला. भराभर बोलायला लागला, मराठीत.

"साहेब, दोन मिनिटं ऐका. हा सेन्सर बघताय ना? हात आत असला की ह्यानं मशीन थांबायला पाहिजे. दिवा हिरवा आहे, पण तो नुसता दाखवायला. मागून वायर जोडून सेन्सर बंद ठेवलाय. माल लवकर निघावा म्हणून." त्याने मागचं झाकण सरकवून लाल वायर दाखवली. "परवा थोडक्यात वाचलो."

पोराने वाकून वायर बघितली. गंभीरपणे मान हलवली. मग वही काढली आणि सुजितच्या गळ्यातल्या कार्डाकडे बोट केलं. "नेम?"

"सुजित." त्याने लिहून घेतलं. सुजितचे खांदे खाली आले. कितीतरी दिवसांनी श्वास सोडावा तसे.

"खरं सांगू साहेब? आज माझा शेवटचा दिवस होता. बायको म्हणते सोड हे काम, हात राहिला तर दुसरं मिळेल. पण आता तुम्ही लिहून घेतलंय. मग थांबू ना मी?"

मित्रांनो, मी पिंपरीत जन्मलेला. मला शब्दन् शब्द कळत होता. एका कार्डाच्या खाली होतो मी, आणि मला तोंड नव्हतं.

"हो," पोरगं हसून म्हणालं. "हो, हो. धन्यवाद."

दीड वाजता खरे ऑडिटर आले. दोन तास चौकातल्या उन्हात उभे राहून रिक्षाने आले होते, त्यातल्या गोऱ्याचं नाक टोमॅटोसारखं झालेलं. वॉचमनने रजिस्टर बघितलं. ही माणसं तर आधीच आत गेलीत. आत गेलेला माणूस पुन्हा आत कसा जाईल, म्हणून त्याने नवीन काही लिहिलंच नाही. पुढे जे झालं ते सांगत बसत नाही. पुष्पगुच्छ परत घेतला, एवढं सांगतो. माझ्या पोराला आणि प्रभाकरला मागच्या गेटने बाहेर काढलं आणि शोभा नको म्हणून शॉपमधल्या कुणालाही काही कळू दिलं नाही. सुजितलाही नाही.

त्यानंतर रोज सकाळी पोरगं वही उघडून सुजितचं नाव घ्यायचं. सोमवारी आईला फोनवर सांगायचं, "सगळं छान चाललंय."

सुधाकरभाऊंचं कपाट तसंच राहिलं होतं. चौदा दिवसांनी दोघं खराबवाडीला सुधाकरभाऊंकडे गेले. कपाट उचलून नव्या खोलीच्या दारात ठेवलं. शेजारच्या पायरीवर सुजित बसला होता. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत.

"मिनल," त्याने आत हाक मारली, "खुर्ची दे बाहेर. ऑडिटवाले साहेब आलेत."

मिनल त्याची बायको. खुर्ची घेऊन आली, पण तिने ती खाली ठेवली नाही. हातातच धरून ठेवली.

"रिपोर्ट कुठपर्यंत आलाय साहेब?" सुजितने हिंदीत विचारलं. "तुम्ही गेल्यावर नवव्या दिवशी प्रेस बसली हातावर. तीन बोटं गेली. कंपनी म्हणते, घरी मोटारसायकलच्या चेनमध्ये गेली. तुमच्या रिपोर्टात सेन्सरचं आहे ना, ते दाखवलं की झालं."

प्रभाकरने इंग्रजीत सांगितलं. पोराचा चेहरा मला खालून दिसत होता. त्याने खिशात हात घातला, वही काढली आणि ते पान उघडून पुढे धरलं. दुसरं काय करणार होता? प्रभाकरने वाचून दाखवलं. "सुजित. ह्याच्यासाठी प्रार्थना."

"आणि पुढं?" सुजितने विचारलं.

पुढे काही नव्हतं.

"हे लोक ऑडिटवाले नाहीत," सुधाकरभाऊ खाली बघत म्हणाले. "माझं कपाट उचलायला आलेत. त्या दिवशीपण त्यालाच आले होते."

सुजितने डाव्या हाताने पान उलटून मागची बाजू बघितली. मग मिनल बोलली, हिंदीतच.

"मी ह्यांची बॅग भरून ठेवली होती. हे घरी आले आणि म्हणाले, थांब, साहेबांनी लिहून घेतलंय. नाव कशाला लिहिलं हो? नाव आम्हाला माहीत होतं. सेन्सर लिहायचा होता."

ह्याचं भाषांतर प्रभाकरने केलं नाही. पोराने मागितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पोरगं कारखाने तपासणाऱ्या सरकारी ऑफिसात गेलं, जोडीदार आणि सुजितला घेऊन. 'मी वायर डोळ्यांनी बघितली' असं लिहून द्यायला. क्लार्कने आधी मला बघितलं. तोच पहिला माणूस, ज्याने मला पूर्ण वाचलं.

"वडीलधारे. वय वीस," तो पासपोर्ट चाळत म्हणाला आणि कंपनीने पाठवलेली रजिस्टरची झेरॉक्स फाइलमधून काढली. "त्या दिवशी आत गेलेल्यांची नावं वेगळी आहेत. टिक त्यांच्या पुढं आहे. तुम्ही आत गेलाच नाहीत."

"मी गेलो होतो."

"मग खोटं सांगून घुसलात का? तसं लिहू?"

सुजितनेच त्याला बाहीला धरून बाहेर आणलं, डाव्या हाताने. "जाऊ द्या. तुमच्यावर आणखी काही यायला नको."

पोरगं आणखी दोनदा गेलं. दोन्ही वेळा साहेब मीटिंगला होते. मग त्याची दोन वर्षं भरली. शेवटच्या सोमवारी त्याने आईला 'सगळं छान' असं सांगितलं नाही. सगळं सांगितलं.

जायच्या दिवशी तो खराबवाडीला आला. वहीतलं ते पान फाडलं, मला शर्टावरून काढलं आणि दोन्ही एकत्र पुढे धरलं. मराठीतले दोनच शब्द येत होते त्याला, आणि दोन्ही वापरायची सोय राहिली नव्हती.

"ह्याचं आम्ही काय करू?" मिनल म्हणाली. पण घेतलं तिने. पान घरातल्या लोखंडी कपाटाच्या दारावर ठेवलं आणि वरून मला टक्कन चिकटवलं.

मित्रांनो, तेव्हापासून मी इथेच आहे. नवनाथचा शेजारी सांगतो, गेटवरच्या माझ्या बहिणीचा आकडा पाचशेच्या पुढे गेलाय. तिलाही तोंड नाही. तुम्हाला आहे, म्हणून सांगतो. कुणाच्या छातीवर बिल्ला दिसला तर तो वाचा. गळ्यात दुसऱ्याचं कार्ड पडलं तर काढून टाका. आणि कुणी जीव तोडून काही सांगत असेल आणि ते कळत नसेल, तर मान हलवू नका. 'मला कळलं नाही' एवढं म्हणा. त्या माणसाला राग येईल, पण तो आपली बॅग उचलून वेळेत घरी जाईल.

सुजित संध्याकाळी माझ्याखालचा कागद काढतो आणि डाव्या हाताने लिहायचा सराव करतो, त्याच्या नावाच्या खाली. महिनाभर नुसता 'से' वाकडा यायचा. काल 'सेन्सर बंद होता' इथपर्यंत पोचला. पुढच्या महिन्यात त्याला पुन्हा त्या ऑफिसात बोलावलंय, आणि ह्या वेळी अर्ज तो स्वतः लिहिणार आहे. लिहून झालं की मिनल कागद परत कपाटावर लावते आणि वर मला ठेवते. मला फक्त घट्ट धरून ठेवायचंय.