पहिल्या दिवसाचा चीक

सरोजिनीबाईंच्या हातचा खरवस म्हणजे कारेलीबागेतल्या त्यांच्या सोसायटीत मानाची गोष्ट! गुजराती शेजारणीसुद्धा वाटी घेऊन दारात यायच्या. अशा बाईंच्या हातून त्या सकाळी असं काही होईल, हे कुणी सांगितलं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

सुनेला, निरुपमाला, दोन दिवसांपूर्वी तिसाव्या आठवड्यातच मुलगा झाला होता. जेमतेम बाराशे ग्रॅम! प्रसूतिगृहात काचेची पेटी नव्हती, म्हणून बाळाला वासण्याकडच्या मोठ्या दवाखान्यात हलवलेलं. आई इकडे, लेकरू तिकडे. निरुपमा अन्नाला शिवत नव्हती. तिला खरवस जीव की प्राण, आणि दूध घालणाऱ्या भरवाडाची गाय नेमकी त्याच वेळी व्यायलेली. आज सुनेच्या पोटात चार घास घालायचेच, असं बाईंनी ठरवून टाकलं.

भरवाडाची वर्षानुवर्षांची रीत अशी, की दुसऱ्या दिवसाचा चीक पातेल्यात ओतायचा आणि पहिल्या दिवसाचा घट्ट, पिवळाधमक चीक झाकणाच्या स्टीलच्या डबीत वेगळा द्यायचा. बाईंनी फ्रिज उघडला. पातेलं होतं, शेजारी डबी होती. डबीत अगदी तळाशी थोडंसं, पण रंग काय सुरेख! "मेल्यानं यंदा हात आखडता घेतला," असं पुटपुटत बाईंनी ती पातेल्यात उपडी केली, बोटानं निपटूनसुद्धा घेतली. गूळ घातला, वेलची घातली, कुकरची शिट्टी काढून वाफवायला ठेवला.

वड्या कापत होत्या तेवढ्यात मुलगा, हेरंब, आंघोळ करून आला.

"आई, फ्रिजमधली डबी कुठाय? अकरापर्यंत बाळाकडे पोचवायचीय."

"कसली डबी?"

"निरुपमाचं दूध गं. सकाळी प्रसूतिगृहातून आणून ठेवलं, तू पूजेत होतीस."

बाईंनी सुरी खाली ठेवली. त्यांनी नुसतं ताटाकडे बोट दाखवलं. हेरंब ताटाकडे बघतो, आईकडे बघतो, पुन्हा ताटाकडे.

"अगं, बारा मिली होतं ते! टाक्यांच्या कळा सोसत थेंब थेंब काढलेलं."

"दूध परत येईल ना रे? येईलच की!"

"येईल. पण हे नाही." आणि कालच डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं तो एका दमात बोलून गेला. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या दुधात रोगाशी लढणारी प्रथिनं ठासून भरलेली असतात. पुढे दिवसागणिक ती कमी होत जातात, दूध पातळ होतं, वाढतं, त्यातल्या प्रथिनांचं प्रमाणच बदलतं. "आणि गरम अजिबात करू नका म्हणाल्या. गाईच्या चिकाचा खरवस थिजतो ना, तो असल्याच प्रथिनांमुळे."

ताटात वड्या कशा सुबक थिजल्या होत्या! बाईंनी ताटावर झाकण ठेवलं.

"सांडलं म्हणून सांगू," हेरंब हळूच म्हणाला.

"नाही. मी केलंय, मीच सांगणार."

प्रसूतिगृहातल्या खाटेवर पडून निरुपमानं सगळं ऐकून घेतलं. आधी तिला कळेचना. मग ती उशीवरून अर्धवट उठली. "आई, ते माझ्या बाळाचं होतं! आणि तुम्ही ते मला... मलाच खायला आणणार होतात?" तिनं तोंडावर हात दाबला. बाई थिजल्यासारख्या उभ्या. पायांवर पडावं, तर सून आणखीच बिथरायची.

शेवटी निरुपमानं पदरानं डोळे पुसले. "माझे हात कापतायत. उकळलेली डबी तिथं आहे. धरा."

बाईंनी दोन्ही हातांनी डबी धरली. पाऊण तासात दुधानं तळ कसाबसा झाकला. अजून पिवळंच होतं, पण बाईंच्या नजरेला सकाळच्यापेक्षा फिकं वाटलं. ते झाकून त्या हेरंबच्या स्कूटरवर मागे बसल्या, डबी पदरात घट्ट धरून. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्यांचा जीव वरखाली होत होता.

बाळ त्यांनी तोवर पाहिलंच नव्हतं. काचेपलीकडे पाहिलं आणि त्या हबकल्याच. अगं बाई, एवढंसं! तळहातात मावेल असं. नर्सनं सिरिंजमध्ये दूध ओढलं आणि पहिल्याच रेघेवर थांबली.

"एवढंच?" बाईंनी विचारलं.

"बा, एनुं पेट एटलुंज छे," नर्स हसून म्हणाली. "पोटच एवढंसं आहे त्याचं. एक मिली. दर दोन तासांनी."

बाईंच्या मनात हिशेब आपोआप होत गेला. दर दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाचे बारा. बारा मिली.

त्यांनी काचेवर दोन्ही हात टेकले.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "याचा आजचा अख्खा दिवस मी शिजवून टाकला हो."